लुडविग विटगेन्स्टाइन : जीवन, अंतःसंघर्ष आणि तत्त्वचिंतन

प्रस्तावना

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाला एकदा नव्हे, दोनदा नवे वळण देणारा विचारवंत म्हणून लुडविग विटगेन्स्टाइन (१८८९-१९५१) याचे नाव घेतले जाते. त्याचा पूर्वकालीन ग्रंथ ‘ट्रॅक्टेटस लॉजिको-फिलॉसॉफिकस’ आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या दोन ग्रंथांवर जगभर विपुल लेखन झाले आहे. महाविद्यालयीन अभ्यासक्रमातही चित्र-उपपत्ती, भाषिक खेळ, कुलसाम्य या संकल्पनांच्या रूपाने तो भेटतो. परंतु पाठ्यपुस्तकात भेटणारा विटगेन्स्टाइन बहुधा केवळ सिद्धांतांचा कर्ता असतो. ज्या माणसाने हे सिद्धांत मांडले, त्याच्या मनात आयुष्यभर चाललेली झुंज तेथे दिसत नाही.

विटगेन्स्टाइनच्या दृष्टीने तत्त्वज्ञान हे मुळात स्वतःवर करावयाचे काम होते. विचारातील गोंधळ आणि आचरणातील अप्रामाणिकपणा यांचे मूळ तो एकाच ठिकाणी, म्हणजे माणसाच्या अहंकारात शोधत असे. प्रस्तुत लेखात त्याच्या जीवनातील प्रमुख टप्प्यांचा परामर्श घेऊन हे सूत्र स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. त्याच्या आयुष्यातील सहा वर्षे प्राथमिक शाळेतील अध्यापनात गेली. त्या काळाकडे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक सहसा ओझरते पाहतात. शिक्षकांना मात्र तो काळ विशेष विचारप्रवृत्त करणारा आहे.

घराणे आणि बालपण

लुडविग विटगेन्स्टाइन याचा जन्म २६ एप्रिल १८८९ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील कार्ल हे पोलाद उद्योगातील बडे कारखानदार असून ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील अतिश्रीमंत घराण्यांत या कुटुंबाची गणना होत असे. घराणे मूळचे ज्यू वंशाचे, परंतु आधीच्या पिढ्यांपासून ख्रिस्ती झालेले होते. लुडविगला कॅथलिक पंथाची दीक्षा मिळाली. घरात संगीताचे वातावरण होते. ब्राम्स आणि माहलर यांच्यासारख्या संगीतकारांचे तेथे येणे-जाणे असे. आठ भावंडांत लुडविग सर्वांत धाकटा.

या वैभवाला दुसरी बाजूही होती. मुलांनी आपला उद्योग सांभाळावा असा वडिलांचा कडक आग्रह होता. थोरला भाऊ हान्स १९०२ मध्ये अमेरिकेत बेपत्ता झाला आणि त्याने आत्महत्या केली असावी असे घरच्यांनी मानले. १९०४ मध्ये रुडॉल्फने बर्लिनमध्ये विष घेऊन जीवन संपविले. पुढे १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध संपत असताना, कुर्ट या भावाने स्वतःवर गोळी झाडली. चौथा भाऊ पाउल हा पियानोवादक होता. युद्धात उजवा हात गमावूनही त्याने केवळ डाव्या हाताने वादन चालू ठेवले आणि त्याच्यासाठी रावेलसारख्या संगीतकाराने खास रचना केली. अशा घरात वाढलेल्या लुडविगच्या मनातही आत्महत्येचे विचार वर्षानुवर्षे येत राहिले. आपण जगण्यास पात्र आहोत काय, हा प्रश्न त्याच्या बाबतीत पुस्तकी नव्हता.

केंब्रिज आणि रसेल

बर्लिन येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन तो १९०८ मध्ये मँचेस्टरला गेला आणि विमानविद्येतील संशोधन करू लागला. विमानाच्या पंख्याच्या एका रचनेचे पेटंटही त्याला मिळाले. या कामासाठी लागणाऱ्या गणितातून गणिताच्या पायाविषयीचे प्रश्न त्याला पडले. येना येथे फ्रेगे या तर्कशास्त्रज्ञाची भेट घेतल्यानंतर १९११ मध्ये तो केंब्रिजला बर्ट्रंड रसेलकडे आला.

रसेलने आपल्या आठवणींत या काळातील एक प्रसंग नमूद केला आहे. विटगेन्स्टाइन रात्री उशिरा त्याच्या खोलीवर येई आणि तासन्‌तास काही न बोलता येरझाऱ्या घाली. एकदा रसेलने त्याला विचारले की, तो तर्कशास्त्राचा विचार करीत आहे की आपल्या पापांचा? दोन्हींचा, असे त्याने उत्तर दिले आणि येरझाऱ्या पुढे चालू ठेवल्या. हा प्रसंग विनोदी वाटला तरी त्याच्या आयुष्याची किल्ली त्यात आहे. तर्कातील लहानशी चूक त्याला नैतिक अपराधासारखी बोचत असे आणि आचरणातील खोटेपणा आपल्या विचारालाही गढूळ करतो अशी त्याची धारणा होती.

१९१३ मध्ये वडिलांचे निधन होऊन प्रचंड संपत्ती त्याच्या वाट्याला आली. त्याच वर्षी तो एकांतासाठी नॉर्वेतील शोल्डन या खेड्यात गेला. पुढील वर्षी त्याने एक लाख क्राउन ही रक्कम गरजू कलावंतांना वाटण्यासाठी दिली. रिल्के व ट्राक्ल हे कवी लाभार्थींपैकी होते.

महायुद्ध : तर्क आणि प्रार्थना

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच विटगेन्स्टाइन ऑस्ट्रियाच्या सैन्यात स्वयंसेवक म्हणून दाखल झाला. देशभक्तीपेक्षा मृत्यूसमोर उभे राहून आपण वेगळा माणूस होऊ ही आशा त्यामागे अधिक होती. या काळातील त्याच्या वह्या उपलब्ध आहेत. उजव्या पानावर तर्कशास्त्राची टिपणे असत, तर डाव्या पानावर साध्या सांकेतिक लिपीत खासगी नोंदी असत. भीती, वासना, सहकाऱ्यांविषयीचा तिटकारा, देवाची आळवणी असे सर्व काही त्या पानांवर आहे. गॅलिशियातील एका पुस्तकाच्या दुकानात त्याला टॉल्स्टॉयने लिहिलेले शुभवर्तमानांचे संक्षिप्त रूप मिळाले. ते पुस्तक तो इतके जवळ बाळगी की, सैनिक त्याला शुभवर्तमानवाला म्हणूनच ओळखू लागले.

१९१६ मध्ये त्याने आघाडीवरची धोक्याची जागा मागून घेतली. त्या उन्हाळ्यात रशियन सैन्याच्या मोठ्या हल्ल्यात त्याच्या तुकडीची अतोनात हानी झाली. त्यानंतर उजव्या पानांवरील लेखनाचा विषयच पालटला. वाक्यरचना आणि सत्यता यांच्या चर्चेच्या जोडीला ईश्वर, मृत्यू, इच्छा आणि जीवनाचा अर्थ यांविषयीची टिपणे येऊ लागली. मे १९१८ मध्ये डेव्हिड पिन्सेंट हा त्याचा जिवलग मित्र विमान अपघातात मरण पावला. त्याच उन्हाळ्यात रजेवर असताना विटगेन्स्टाइनने ‘ट्रॅक्टेटस’ पूर्ण करून तो पिन्सेंटच्या स्मृतीस अर्पण केला. पुढे युद्धकैदी म्हणून इटलीत असतानाही हस्तलिखित त्याच्यापाशी होते. हा ग्रंथ १९२१ मध्ये जर्मनमध्ये आणि १९२२ मध्ये इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध झाला.

या छोट्याशा ग्रंथाचा मुख्य विचार असा. अर्थपूर्ण वाक्य हे वस्तुस्थितीचे चित्र असते. नकाशातील खुणांची मांडणी गावातील रस्त्यांच्या मांडणीशी जुळावी, तशी वाक्यातील घटकांची मांडणी जगातील घटकांच्या मांडणीशी जुळते. जे असे चित्रित करता येत नाही ते सांगता येत नाही. नीती, सौंदर्य आणि ईश्वर हे सांगण्याच्या कक्षेबाहेरचे विषय ठरतात आणि ग्रंथाचा शेवट मौनाच्या आदेशाने होतो.

व्हिएन्ना मंडळातील तार्किक प्रत्यक्षार्थवाद्यांनी याचा अर्थ असा घेतला की, जे सांगता येत नाही ते निरर्थक, म्हणून टाकाऊ. विटगेन्स्टाइनचा आशय नेमका उलट होता. एका प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट केले की, आपल्या ग्रंथाचे लिहिलेला आणि न लिहिलेला असे दोन भाग असून महत्त्वाचा भाग न लिहिलेला आहे. पुढे व्हिएन्ना मंडळातील काही सदस्यांच्या बैठकीत तो तत्त्वचर्चा करण्याऐवजी त्यांच्याकडे पाठ करून रवींद्रनाथ टागोरांच्या कविता वाचत असे. त्यामागील भूमिका यावरून समजू शकते.

खेड्यातील शिक्षक

‘ट्रॅक्टेटस’मध्ये तत्त्वज्ञानाचे प्रश्न मूलतः सुटले आहेत, असा त्याचा विश्वास होता. तेव्हा तत्त्वज्ञान थांबवून प्रामाणिकपणे जगणे एवढेच उरले. १९१९ मध्ये युद्धकैदेतून परतल्यावर त्याने आपली सर्व संपत्ती भावंडांच्या नावे केली आणि वयाच्या तिसाव्या वर्षी, आपल्याहून पुष्कळ लहान विद्यार्थ्यांसोबत, शिक्षक प्रशिक्षण विद्यालयात प्रवेश घेतला. १९२० ते १९२६ या काळात त्याने ट्राटेनबाख, पुखबर्ग आणि ऑटरटाल या ग्रामीण ऑस्ट्रियातील गावांत प्राथमिक शिक्षक म्हणून काम केले.

त्याच्या अध्यापनाची एक बाजू अनुकरणीय होती. त्या वेळी ऑस्ट्रियात शिक्षण-सुधारणेची चळवळ चालू होती आणि पाठांतराऐवजी स्वतः करून शिकण्यावर तिचा भर होता. विटगेन्स्टाइन मुलांकडून मांजराचा सांगाडा जोडवून घेई, यंत्रांची प्रतिकृती करवी आणि त्यांना व्हिएन्नाच्या सहलीला नेऊन तेथील वास्तूंची व यंत्रांची माहिती देई. हुशार मुलांना शाळा सुटल्यावरही शिकवी. लेखनातील चुका मुलांनी स्वतः शोधून दुरुस्त कराव्यात म्हणून त्याने प्राथमिक शाळांसाठी एक शब्दकोश तयार केला. त्यात मुलांच्या नित्य वापरातील शब्दांना, बोलीतील शब्दांनाही स्थान होते. १९२६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ‘ट्रॅक्टेटस’खेरीज त्याच्या हयातीत निघालेले हे एकमेव पुस्तक होय.

दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. त्याची अपेक्षा वर्गाच्या कुवतीपलीकडची असे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना तो बीजगणित शिकवी आणि ज्यांना ते जमत नसे त्यांना मारी. मुलींचे केस ओढणे, कानाखाली मारणे असे प्रकार घडत. ज्याला समजते त्याच्यासाठी तो असामान्य शिक्षक होता. ज्याला समजत नाही त्याच्यासाठी तो भीतीचा विषय होता. गावकऱ्यांनाही हा श्रीमंत घरातला, दरिद्र्यासारखा राहणारा मास्तर परका वाटे. शेतकामाला मुले हवी असताना तो त्यांना उच्च शिक्षणाची ओढ लावतो, ही त्यांची तक्रार होती.

एप्रिल १९२६ मध्ये ऑटरटाल येथे त्याने एका अकरा वर्षांच्या, प्रकृतीने नाजूक मुलाच्या डोक्यावर मारले आणि तो मुलगा बेशुद्ध पडला. विटगेन्स्टाइनने थोड्याच दिवसांत राजीनामा दिला. चौकशीत त्याला दोषी धरण्यात आले नाही. परंतु मुलांना केलेल्या मारहाणीबाबत आपण सत्य लपविले, हे शल्य त्याच्या मनात राहिले. सत्याच्या निकषावर साऱ्या तत्त्वज्ञानाची फेरमांडणी करणारा माणूस आपल्या वर्गाविषयी सत्य बोलू शकला नव्हता.

खडबडीत भूमीकडे

त्यानंतर काही महिने त्याने व्हिएन्नाजवळच्या एका मठात माळ्याचा मदतनीस म्हणून काम केले आणि १९२८ पर्यंत बहीण मार्गारेट हिच्या घराच्या बांधकामात लक्ष घातले. दाराच्या मुठीपासून खोल्यांच्या प्रमाणापर्यंत त्याने इतका काटेकोरपणा ठेवला की, काम संपत आले असता एका दालनाचे छत तीन सेंटिमीटर उंच करविले. १९२९ मध्ये तो केंब्रिजला परतला. ‘ट्रॅक्टेटस’ हाच प्रबंध म्हणून सादर करून त्याने डॉक्टरेट मिळविली. परीक्षक होते रसेल आणि मूर. पण याच काळात त्याला आपल्या ग्रंथातील गंभीर चुका दिसू लागल्या. रॅम्झी हा तरुण गणितज्ञ आणि स्राफा हा इटालियन अर्थशास्त्रज्ञ यांच्याशी झालेल्या चर्चांचा त्यात मोठा वाटा होता, असे त्याने पुढे स्वतः नमूद केले.

नव्या विचाराचा गाभा असा की, शब्दाचा अर्थ सामान्यतः त्याच्या वापरात असतो. विटगेन्स्टाइनने गवंडी आणि त्याचा मदतनीस यांचे उदाहरण घेतले आहे. गवंडी एक शब्द उच्चारतो आणि मदतनीस ती वस्तू आणून देतो. तेवढीच त्यांची भाषा. आपल्याकडील अनुभवाने हे सहज पटते. बांधकामावरचा गवंडी ‘माल!’ अशी हाक देतो तेव्हा कालवलेले मिश्रण वर येते. दुकानदार ‘माल आला’ म्हणतो तेव्हा पोती उतरवली जातात. शब्द तोच आहे, परंतु ज्या व्यवहारात तो गुंफलेला आहे तो व्यवहार वेगळा आहे. अशा शब्द-व्यवहारांना त्याने भाषिक खेळ म्हटले.

सर्व खेळांत समान असा एखादा गुण असलाच पाहिजे, हा आग्रहही त्याने सोडला. विटीदांडूत दोन पक्ष असतात, बुद्धिबळात धावपळ नसते आणि भिंतीवर एकट्याने चेंडू मारणाऱ्या मुलाला कोणालाच हरवायचे नसते. तरीही या सर्वांना खेळ म्हणताना कोणी अडखळत नाही. एका कुटुंबातील माणसांत कोणाचे नाक, कोणाची चाल जुळते, तसे हे साम्य आहे. यालाच त्याने कुलसाम्य असे नाव दिले. पूर्वी त्याला भाषा स्फटिकासारखी शुद्ध हवी होती. आता त्याला उमगले की, गुळगुळीत बर्फावर घर्षण नसते, म्हणूनच तेथे चालता येत नाही. चालायचे तर खडबडीत भूमी हवी.

खेड्यातील शाळेतला अनुभव या बदलाला कारणीभूत झाला काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि तसा थेट संबंध सिद्ध करणे कठीण आहे. मात्र मूल शब्द कसा शिकते, शिक्षक नियम कसा समजावतो आणि विद्यार्थी तो भलत्याच रीतीने कसा पुढे नेतो, ही उदाहरणे उत्तरकालीन लेखनात वारंवार येतात, हे निर्विवाद आहे.

कबुली

१९३६ च्या उत्तरार्धात विटगेन्स्टाइन पुन्हा नॉर्वेतील आपल्या झोपडीत राहत होता. तेथे त्याने दोन कामे हाती घेतली. एक होते ‘इन्व्हेस्टिगेशन्स’च्या आरंभीच्या भागाचे लेखन, दुसरे होते स्वतःच्या अपराधांची कबुली लिहिणे. त्या नाताळात व्हिएन्नातील आप्तांना आणि जानेवारी १९३७ मध्ये केंब्रिजमधील मित्रांना त्याने ही कबुली समक्ष ऐकविली. आपल्या ज्यू वंशाविषयी लोकांचा चुकीचा समज होऊ दिला, हा तीतील एक भाग होता. शिक्षक असताना एका मुलीला मारून मुख्याध्यापकांपुढे ते नाकारले, हा दुसरा. ऐकणाऱ्या काहींना हा प्रकार अवघडून टाकणारा वाटला. त्याला मात्र कोणाचे सांत्वन नको होते. स्वतःभोवती उभारलेली भिंत पाडणे हा त्याचा हेतू होता.

तो एवढ्यावर थांबला नाही. त्याच सुमारास तो ऑटरटालला गेला आणि आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या दारी जाऊन त्याने व्यक्तिशः क्षमा मागितली. दहा वर्षे लोटली होती. मुले मोठी झाली होती. काहींनी त्याला मोकळेपणाने क्षमा केली. एकीने तुटक उत्तर देऊन त्याची बोळवण केली. तो अवमान त्याने सोसला.

या दोन कामांचा काळ एकच असावा हा योगायोग मानणे अवघड आहे. ‘इन्व्हेस्टिगेशन्स’मध्ये विचारवंताला भुरळ घालणाऱ्या कल्पनांना उघडे पाडून शब्दांना त्यांच्या रोजच्या वापरात परत आणण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी आपली लाडकी चित्रे सोडून देण्याची तयारी लागते. अडचण बुद्धीपेक्षा इच्छेची असते, असे त्याचे मत होते. जो स्वतःविषयी खोटे चित्र सोडू शकत नाही, तो भाषेविषयीचे खोटे चित्रही सोडू शकत नाही.

अखेरची वर्षे

१९३९ मध्ये त्याला केंब्रिजमध्ये प्राध्यापकपद मिळाले आणि त्याच वर्षी तो ब्रिटिश नागरिक झाला. तो आपल्या खोलीत, टिपणांशिवाय, विद्यार्थ्यांसमोर विचार करीत शिकवी. मध्येच दीर्घकाळ स्तब्ध राही, आपल्याच मंदपणावर चिडे. विद्यार्थ्यांनी तत्त्वज्ञानाची नोकरी न धरता हाताचे काम करावे असा सल्ला तो देत असे. फ्रान्सिस स्किनर या गणिताच्या बुद्धिमान विद्यार्थ्याने त्याच्या प्रभावाने कारखान्यात यंत्रकाम पत्करले. विटगेन्स्टाइनचे त्याच्याशी अत्यंत निकटचे, प्रेमाचे नाते होते. १९४१ मध्ये स्किनरचा अकाली मृत्यू झाला आणि आपण त्याच्याशी नीट वागलो नाही, ही टोचणी मागे राहिली. शिष्यावर गुरूच्या व्यक्तिमत्त्वाचे किती वजन पडावे, हा प्रश्न या उदाहरणातून उभा राहतो.

दुसऱ्या महायुद्धात प्राध्यापकपद बाजूला ठेवून त्याने लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयात औषधे पोहोचविणारा हमाल म्हणून काम केले. १९४४ मध्ये नॉर्मन माल्कम या अमेरिकन शिष्याला त्याने एक पत्र लिहिले. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाने केवळ तर्काच्या गहन प्रश्नांवर सफाईने बोलता येत असेल आणि रोजच्या जगण्यातील महत्त्वाच्या प्रश्नांवर विचार सुधारत नसेल तर त्याचा उपयोग काय, असा त्याचा त्या पत्रातील सवाल होता.

१९४७ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि काही काळ आयर्लंडमध्ये एकांतात लेखन केले. कर्करोगाने २९ एप्रिल १९५१ रोजी केंब्रिज येथे त्याचे निधन झाले. निश्चितता या विषयावरील टिपणे तो अखेरच्या दिवसांपर्यंत लिहीत होता. आपले आयुष्य फार सुंदर गेले असे मित्रांना सांगा, अशा अर्थाचा निरोप त्याने मागे ठेवल्याचे माल्कमने नमूद केले आहे. इतक्या यातनामय जीवनाविषयी हे उद्गार माल्कमलाही गूढ वाटले. ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

समारोप

विटगेन्स्टाइनला संत ठरविणे जसे चूक, तसेच त्याच्या स्वभावदोषांवरून त्याचे तत्त्वज्ञान निकालात काढणेही चूक. त्याच्या कठोरपणाने इतरांना, त्यातही लहान मुलांना, इजा झाली. तो कठोरपणा आणि त्याच्या विचारातील तेज यांचा उगम एकाच ठिकाणी होता. आपली चूक झाकण्याची पुरेशी सोय असतानाही ती उघड करण्याचे धैर्य त्याने दाखविले, हे त्याचे वेगळेपण.

वर्गात ‘ट्रॅक्टेटस’ आणि ‘इन्व्हेस्टिगेशन्स’ यांतील फरक शिकविताना तो बहुधा सिद्धांतांच्या दोन याद्यांच्या स्वरूपात मांडला जातो. त्याऐवजी शुद्धतेचा हट्ट धरणारा आणि पुढे खडबडीत जमिनीवर चालायला शिकणारा एकच माणूस विद्यार्थ्यांसमोर उभा केला, तर हा फरक त्यांना अधिक सहज कळेल. शिक्षकांसाठी मात्र ऑटरटालचा प्रसंग त्याहून जवळचा आहे. वर्गातील हुशार चार-दोघांकडे पाहून शिकविणे सोपे असते. ज्याला समजत नाही त्याच्याशी शिक्षक कसा वागतो यात त्याची खरी कसोटी असते. त्या कसोटीवर विटगेन्स्टाइन उतरला नाही. ते त्याने ओळखले आणि दहा वर्षांनी त्याच मुलांच्या दारात जाऊन मान्य केले.